दुसऱ्या पानावरची दुरुस्ती

प्राध्यापकांनी जन्मभर गवताचा अभ्यास केला. सासुरवाडीची माणसं त्यांना म्हणूनच 'गवतेसाहेब' म्हणत, आणि माणूस इतका सरळ की त्यांना तो मान वाटे. जगात कुठे कुरण असेल आणि तिथे चार विद्वान जमणार असतील, तर पाचवे हे ठरलेले. पायाला भिंगरीच होती. आज परिषद, उद्या व्याख्यान, परवा परगावच्या कुणा विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा. घरी येत ते बॅगेतले कपडे बदलायला.

दर वर्षाअखेरीस त्यांच्या घरून नातेवाइकांना आणि स्नेह्यांना एक पत्र जाई. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, साठ प्रती. पुढचं पान प्राध्यापकांचं: कोणता लेख कुठे आला, कोण विद्यार्थी डॉक्टर झाला, कुठल्या देशात जाणं झालं, सगळं तारीखवार. मागचं पान त्यांच्या बायकोचं: वाढदिवस, लग्नं, कुणाला नातू झाला, कुणी घर बांधलं. कागदाला घड्या घालून पाकिटं चिकटवायचं काम प्राध्यापकांकडे होतं. एकतीस वर्षं त्यांनी इमानेइतबारे घड्या घातल्या आणि एकदाही कागद उलटून पाहिला नाही. घरातलंच तर आहे, त्यात नवीन काय असणार, असं त्यांना वाटे.

बायको गेली त्याला आता दीड वर्ष झालं होतं. मागच्या वर्षी पत्र गेलंच नाही. यंदा वर्ष सरत आलं तसा एकुलत्या एका लेकीचा फोन आला. चिमणी, म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची होणार होती आणि आजोबांनी यायलाच हवं होतं.

"आणि बाबा, मागून फुंकर तुम्हीच घालायची. माझ्या सहाव्या वाढदिवसाला मेणबत्त्या विझेनात तेव्हा घातली होतीत ना, तशी. मला अजून ती कानामागे गार लागते. चिमणीलाही सांगून ठेवलंय मी."

प्राध्यापकांना काही आठवेना, पण घरातलं न आठवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ते हो म्हणाले. त्याच दिवशी एका परिषदेत त्यांना अध्यक्षस्थानी बसायचं होतं. त्यांनी येत नसल्याचं कळवून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच. मग स्वतःवर इतके खूश झाले की लागोपाठ दोनदा चहा केला.

त्याच उत्साहात ते पत्र लिहायला बसले. पहिलं पान अर्ध्या तासात झालं. निवृत्त माणसाचं पान ते, भरून भरून किती भरणार? कागद उलटला आणि पेन अडलं. कोणाचं काय झालं, त्यांना ठाऊकच नव्हतं. निदान ती कशी लिहीत असे ते तरी पाहावं, म्हणून त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून तिचा पुठ्ठ्याचा खोका काढला. त्यात एकतीसही पत्रं वर्षवार लावलेली होती. संशोधकाची बायको खरी.

ते वाचू लागले आणि जेवायचं राहून गेलं. पानोपानी 'हे' होते. भाचीच्या लग्नात 'हे' पंगतीत वाढायला उभे राहिले. दिराच्या नव्या घरी 'ह्यांनी' सगळ्यांच्या नकला करून हसवून हसवून दमवलं. प्राध्यापकांनी जन्मात कुणाची नक्कल केली नव्हती. त्यांना आधी वाटलं, आपली स्मरणशक्ती गेली. मग सहाव्या वाढदिवसाचं पान आलं.

'मेणबत्त्या काही विझेनात. पोरीचे डोळे भरून आले. मग ह्यांनी मागून हळूच फुंकर घातली आणि तिला वाटलं, आपणच विझवल्या.'

त्यांनी कागद पालटला. पुढच्या पानावर तोच आठवडा होता आणि ते समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात खाऱ्या जमिनीतल्या गवतावर बोलत होते. त्यांनी कागद पुन्हा पालटला, पुन्हा परतला. अशी सतरा पत्रं निघाली. एकाच कागदावर ते दोन ठिकाणी होते.

बढाई मारायला तिने हे लिहिलं नव्हतं, एवढं त्यांनाही कळलं. आपण आलो नाही तरी ती दर वेळी आपलं ताट मांडत होती, आणि आपण शेजारी बसून पाकिटं चिकटवत होतो. एकदा, फक्त एकदा कागद उलटला असता तर तिला काही विचारता आलं असतं. आता कोणाला विचारणार? आणि साठ घरांतल्या माणसांनी तर दोन्ही पानं वाचली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घड्या घालणाऱ्याला.

खात्री करायला त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा आधी टाळत होता. हवापाण्याचं बोलला, गुडघ्याचं बोलला. प्राध्यापक कसले सोडतात. शेवटी तो म्हणाला, त्या दिवशी फुंकर त्याने घातली होती.

"पण सोडून द्या हो, भावोजी. ताई गेली, तिच्याबरोबर ते गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. प्राध्यापक विद्वान होते.

त्यांच्या धंद्यात एक रीत असते. वाळवून कागदावर चिकटवलेल्या गवताला पूर्वी कुणी चुकीचं नाव दिलेलं आढळलं, तर जुनी चिठ्ठी फाडायची नाही. शेजारी नवी चिकटवायची, खरं नाव, आपली सही आणि तारीख घालून. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि आपली चूक कबूल करायची दुसरी कुठली रीत असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तीन दिवस खपून त्यांनी यंदाचं दुसरं पान लिहिलं. वर मथळा घातला, 'दुरुस्ती'. खाली सतरा नोंदी: साल, प्रसंग, पूर्वी काय छापलं, वस्तुस्थिती काय. पाचवी नोंद अशी होती: 'लेकीचा सहावा वाढदिवस. फुंकर मी घातली नाही, तिच्या मामाने घातली. मी परदेशी होतो. पहा, त्याच पत्राचे पान पहिले.' अगदी शेवटी त्यांनी लिहिलं, 'या सतराही प्रसंगी मी हजर असायला हवा होतो. चूक लिहिणारीची नाही, माझी आहे.' हे लिहिताना त्यांना रडू आलं. आपण आजवर लिहिलेलं हे सगळ्यांत खरं पान, असं त्यांना वाटलं. साठ प्रती काढून, घड्या घालून त्यांनी टपालात टाकल्या. एक प्रत लेकीला गेली.

वाढदिवसाच्या दिवशी प्राध्यापक वेळेच्या दोन तास आधी हजर झाले. लेकीने दार उघडलं, बॅग घेतली, पाणी दिलं. सगळं रीतसर, पाहुण्याला द्यावं तसं. मेहुणा आधीच आलेला होता. त्याने नमस्कार केला आणि खिडकीशी जाऊन उगाच पडदा सारखा करत बसला. प्राध्यापकांच्या तेव्हा कुठे ध्यानात येऊ लागलं की काहीतरी बिनसलं आहे.

ते स्वयंपाकघरात गेले. लेक ओट्याशी उभी राहून केकवर मेणबत्त्या खोचत होती. पत्र मिळालं का, असं त्यांनी विचारलं. मिळालं, ती म्हणाली. मान वर केली नाही.

"तुम्ही नसायचात हे मला लहानपणापासून माहीत होतं, बाबा. त्याचं मी कधी मनावर घेतलं नाही. आई दर वर्षी मला ते पान वाचून दाखवायची. मला कळायचं, ती पदरचं घालून लिहिते. नकलांचं वाचताना आम्ही दोघी पोट धरून हसायचो." तिने एक मेणबत्ती काढून पुन्हा सरळ लावली. "पण ती फुंकर मला खरी वाटायची. तेवढी एकच होती माझ्याकडे."

प्राध्यापक म्हणाले, "अगं, पण जे खरं होतं ते..."

"खरं कोणी मागितलं होतं तुमच्याकडे?"

तिचा आवाज चढला नव्हता. प्राध्यापकांना वाटलं, ती चिठ्ठी आत्ताच्या आत्ता सोलून काढावी. पण त्यांच्या धंद्यात लावलेली चिठ्ठी काढत नाहीत, आणि ही तर साठ घरांत जाऊन पोचली होती. परिषद सोडून ते आले होते, तेही सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं. सांगितलं नाही, हे नशीब. आयुष्यभर जिथे गप्प बसायचं तिथे बोलले आणि बोलायचं तिथे नव्हतेच, हे त्यांना त्या ओट्यापाशी पहिल्यांदा कळलं.

"माफ कर," ते म्हणाले.

"केलं," ती म्हणाली. "चला, मंडळी खोळंबलीत."

दिवे मालवले. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. मेहुणा मुद्दाम पार दाराशी जाऊन उभा राहिला, कुणी आपल्याला पुढे ढकलू नये म्हणून. चिमणीने मान वळवून विचारलं, "आई, आजोबा फुंकर घालणार होते ना?"

लेकीने बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू घाल आधी. लागलंच तर आजोबा आहेत."

प्राध्यापक चिमणीच्या मागे जाऊन वाकले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. चिमणीने गाल फुगवले. पोरगी खमकी होती, आजीवर गेलेली. साही मेणबत्त्या एका दमात विझल्या. टाळ्या झाल्या, कुणीतरी दिवा लावला, लेक सुरी आणायला आत गेली. प्राध्यापक तसेच वाकून उभे होते. भरून घेतलेला श्वास त्यांनी हळूहळू सोडला, चिमणीच्या केसांनाही लागणार नाही इतका हळू.