दोन बोटांची चीर

"हिच्या तोंडाला गुळाचा वास कसा येतोय?" बिबीजान आयाने मनकर्णाच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि मग वाकून खाटेखाली पाहिलं. तिथे पितळी वाटी होती आणि वाटीच्या बुडाला हळिवाची खीर चिकटलेली होती. "राहीबाई, काल घसा बसला माझा सांगून सांगून! घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हटलं होतं ना?"

"पानी दिलंच न्हाई," राहीबाई म्हणाली. "खीर दिली. वाईच."

बिबीजानने कपाळावर हात मारून घेतला आणि ती डॉक्टरीणबाईंना सांगायला धावली. राहीबाईला कळेना, आपलं चुकलं तरी काय. तीन दिवसांची ओली बाळंतीण उपाशी ठेवायची, हे तिच्या डोक्यातच शिरत नव्हतं. पहाटे सून म्हणाली, "आत्याबाई, पोटात खड्डा पडलाय," आणि सासूचा हात आपोआप गाठोड्याकडे गेला. गावी हिवऱ्यात कुणाचीही बाळंतीण असो, खिरीचं पातेलं राहीबाईच्याच चुलीवर चढायचं. उपाशी बाळंतिणीला दूध कुठून येणार?

डॉक्टरीणबाई आल्या त्या लाल होऊनच. नगरच्या या बायकांच्या दवाखान्यात त्यांचा आवाज चढला की व्हरांड्यातली माणसंही गप्प व्हायची.

"भरल्या पोटी हिला क्लोरोफॉर्म दिला तर उलटी घशात अडकून इथेच मरेल. कळतं का तुम्हाला? मी दुपारच्या गाडीने मनमाडला जाते आहे, चार दिवस येणार नाही. आज गर्भपिशवी वर आहे, बेंबीखाली दोन बोटांची चीर दिली की पुढे मूल राहू नये म्हणून बांधायच्या नळ्या हाताशी येतात. चार दिवसांनी पिशवी खाली गेली की पोट चांगलं लांब फाडावं लागेल, आणि तेवढं रक्त हिच्या अंगात उरलेलं नाही." मग त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा. हे ऑपरेशन होऊ नये म्हणून मुद्दाम चारलंत ना?"

राहीबाईच्या जिव्हारी लागलं. तिच्या मनात पाप होतं, पण ते त्या खिरीत नव्हतं.

मनकर्णाची ही पाचवी मुलगी. गेल्या दोन्ही बाळंतपणांत तिचं इतकं रक्त गेलं होतं की पुढचं मूल आलं तर ही जगणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. नवरा गोरक्ष पलटणीत. रजेवर येऊन परत ब्रह्मदेशाकडे गेला, त्याला नऊ महिने झाले. विचारणार कुणाला? घरात मोठी म्हणून काल राहीबाईनेच नळ्या बांधायला होकार दिला, आणि त्याच संध्याकाळी व्हरांड्यात आपल्या मावसभावाला, आसारामला, शब्द देऊन टाकला की गोरक्ष परतला की तुझी धाकटी लेक त्याची दुसरी म्हणून आमच्या घरात. सून जगायची, वंशही चालायचा. एका दगडात दोन्ही साधलं म्हणून ती रात्री शांत झोपलीसुद्धा होती.

"म्या मुद्दाम न्हाई चारलं," ती म्हणाली. "माझी अक्कल तेवढीच. पन बाई, आजच काय ते करा."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मग सुई टोचून तेवढीच जागा बधिर करते. ही जागी राहील. हिने हलता कामा नये, पोट ताठ करता कामा नये. डोक्याशी बसाल? ओरडायचं नाही, रडायचं नाही."

बिबीजानने राहीबाईचे हात कोपरापर्यंत धुतले, तोंडाला फडकं बांधलं आणि तिला मनकर्णाच्या उशाशी स्टुलावर बसवलं. मध्ये चादरीचा आडोसा होता. पलीकडे हत्यारांचा आवाज झाला तसे राहीबाईने सुनेचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

"पोट ढिलं सोड, मनकर्णा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाजात काळजी होती. "दुखतंय का?"

"न्हाई."

"मग ताठ का करतेस? आतडी वर येतायत. अशाने मला काही दिसणार नाही."

मनकर्णा डॉक्टरीणबाईंकडे पाहतच नव्हती. ती डोळे वर करून सासूकडे बघत होती. ओठ पांढरे पडले होते.

"आत्याबाई, काल आसाराममामाशी बोलत हुता. म्या ऐकलंया."

राहीबाईला वाटलं, आपल्यालाच कुणीतरी आडवं घालून उघडं पाडलं.

"हे झालं की माझी आन माझ्या पोरींची त्या घरात काय किंमत? सवतीची भांडी घासायची? त्यापरीस मेलेलं बरं."

"बोलू नकोस," डॉक्टरीणबाई ओरडल्या. "आजी, तिला काय हवंय ते सांगून टाका. माझा हात आत आहे. चटकन!"

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण सून खोट्यावर विश्वास ठेवणार नाही, हे राहीबाईला तिच्या हातांवरूनच कळत होतं. विश्वास ठेवील असं एकच तिच्यापाशी होतं, आणि ते उच्चारायला तिची जीभ धजेना. लढाईवर गेलेल्या एकुलत्या एका लेकाचं नाव कुठली आई असं पणाला लावते?

"माझ्या गोरक्षाची आन," ती म्हणाली. "दुसरी आननार न्हाई. त्यानं म्हटलं तरी उंबरा वलांडू देनार न्हाई. आता सोड पोट, पोरी. सोड गं."

मनकर्णाने डोळे मिटले. तिची बोटं हळूहळू सैल पडली. चादरीपलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हां, अशी." मग बऱ्याच वेळाने, "एक बांधली." आणि नंतर, "दुसरीही."

आपलं घर इथेच थांबलं, असं राहीबाईच्या मनात आलं आणि तिला भडभडून आलं. पण रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ती रडली नाही.

व्हरांड्यात आसाराम वाट बघत होता. "झालं का, अक्का?"

"झालं. जगंल ती."

"लई बेस झालं. मंग गोरक्ष आला की आपलं..."

"लेकीला दुसरं ठिकान बघ, आसाराम."

"अक्का, तू शब्द दिलाय."

"दिला हुता. मोडला म्या. पाप लागंल ते मला लागू दे."

"आन तुमचा वंस?"

आसारामने बैल जुंपले आणि रामराम न घालताच गाडी हाकली. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती उभी होती.

आत पाचवी नात भुकेने रडत होती. राहीबाईने तिला उचलून मनकर्णाच्या कुशीत दिलं. शेजारच्या खाटेजवळची माणसं इकडेच बघत होती, म्हणून सुनेला पाजता यावं यासाठी ती पदर दोन्ही हातांनी आडवा धरून, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.