लाल पट्टीचं सॉकेट

लाकूड कापायच्या करवतीला कॉम्प्युटर जोडला धाकटीने, आणि बाबांचे हात शाबूत राहावेत म्हणून त्यांच्या पायाखाली पेडलही तिनेच बसवलं. पेडल दाबलं की करवत थांबली पाहिजे. पण कॉम्प्युटर पडला दीडशहाणा. पेडल लावलं रे लावलं की तो त्याला कीबोर्ड समजायचा आणि कीबोर्डच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कीबोर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली करायचा. मग पाय दाबा नाहीतर आपटा, करवत आपली चालूच, आणि पडद्यावर एक ‘क’.

धाकटीने तोडगा काढला. कॉम्प्युटरच्या या एका सॉकेटमध्ये जे लावू ते कीबोर्डच्या ड्रायव्हरला द्यायचं नाही, तिने लिहिलेल्या ड्रायव्हरलाच द्यायचं. सॉकेटवर तिने लाल पट्टी चिकटवली. “दादा, हे तात्पुरतं आहे. पेडल कुठेही लावलं तरी ओळखेल असं करून देते, फक्त अर्धा दिवस करवत बंद ठेव.”

“चालतंय ना? मग कशाला उगाच किडे करतेस?” दादा म्हणाला. कारखाना तो बघायचा, म्हणजे विषय संपला.

आणि एका दुपारी मोबाइलची वायर शेजारच्या सॉकेटपर्यंत पुरेना, तेव्हा याच दादाने मोबाइल चार्ज करायला लाल पट्टीतलं पेडल उपटून शेजारी खुपसलं. थोड्याच वेळात बाबांची बाही पात्यात अडकली. दोन बोटं गेली.

दवाखान्यात दादा येईल त्याला सांगत होता, “वय झालं हो. पेडल दाबायचंच विसरले.” ऐकून ऐकून बाबांनाही ते पटलं. बँडेजकडे बघत ते म्हणायचे, “माझीच चूक.”

धाकटी कारखान्यात गेली. लाल पट्टीत दादाची वायर तशीच लटकत होती. पडद्यावर डिझाइनच्या नावाच्या जागी ‘ककककक’, ओळच्या ओळ. म्हातारा जिवाच्या आकांताने पाय आपटत होता आणि हा मेला कॉम्प्युटर टाइप करत बसला होता.

“पुसून टाक ते,” मागून दादा हळूच म्हणाला.

तिने पडद्याचा फोटो काढला आणि तडक दवाखाना गाठला. वायर, सॉकेट, सगळं बाबांना समजावून सांगितलं.

“म्हणजे दाबलं होतं मी,” बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. बराच वेळ ते फोटोच बघत राहिले. मग म्हणाले, “दादाला यातलं काही बोलू नकोस हं. मनाला लावून घेईल बिचारा.”

दादा ‘पुसून टाक’ म्हणाला होता, ते धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“नाही बोलत,” ती म्हणाली.