हलत्या हाताची खुर्ची

"पाच मिनिटं हिला जरा बाहेर घेऊन बस," मोठ्या बाई चष्मेवालीच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "साहेबांना नियमांचं काही बोलायचंय. पोरगी कंटाळेल."

चष्मेवाली लगेच उठली. मोठ्या बाईंनी सांगितलं आणि ती उठली नाही, असं आजवर झालं नव्हतं. मुलगी मात्र खुर्चीला चिकटून बसली होती.

"माझं बोलणं अजून व्हायचंय," ती चांगली मोठ्याने म्हणाली. टेबलाभोवतीचे दोनतीन साहेब हसले.

"होणार आहे गं, बाळा. पाचच मिनिटं," बाई म्हणाल्या.

चष्मेवाली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. 'हिला अक्षरं नाचताना दिसतात' म्हणून आया मुलांना घेऊन यायच्या. ती भिंगं बदलून बदलून बघायची आणि डोळे ठणठणीत निघायचे. आयांची तोंडं उतरायची. चष्मा लागला असता तर निदान कारण तरी हाती लागलं असतं. यातल्याच काही पोरांना समोरची एक ओळ धड वाचता यायची नाही, पण भिंग फिरवलं की पलीकडचं चित्र कुठे सरकेल, ते ही पोरं आधीच सांगून मोकळी व्हायची. असली पोरं ठोंबी कशी, हे कोडं तिला सुटेना. मग कुणीतरी तिला मोठ्या बाईंकडे पाठवलं.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. डोक्याने दहा पावलं पुढे आणि कागदावर चार पावलं मागे, अशा मुलांसाठी त्यांनी काही माणसं जमवली होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही माणसं दर रविवारी बसायची, शाळाशाळांतून हिंडून शिक्षकांच्या विनवण्या करायची. पदरचं खायचं आणि वर बोलणी ऐकायची, असा सगळा कारभार. "दुसऱ्यांच्या पोरांपायी चपला झिजवतेस आणि आमची भाजी करपवतेस," असं चष्मेवालीचा नवरा म्हणायचा. तोच तिच्या चपला शिवून आणायचा.

बाईंचा नियम एकच होता. मुलाबद्दल बोलायचं तर मूल समोर हवं. कुठेही बैठक असो, आधी मुलाची खुर्ची मधोमध मांडायची, मग बाकीच्यांनी बसायचं. "बंद दाराबाहेर उभं राहण्यात यांचं बालपण जातं," बाई म्हणायच्या. "निदान आपण तरी दार लावायचं नाही." हे ऐकलं त्या दिवशीच चष्मेवाली त्यांची झाली होती.

आज शिक्षण कार्यालयात समिती बसली होती. हुशार मुलांसाठी खास वर्ग निघणार होता. प्रवेशपरीक्षा लेखी. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांना ती तोंडी देऊ द्या, एवढंच या मंडळींचं मागणं. तोंडी परीक्षा म्हणजे काय, ते ही मुलगी दाखवणार होती. साहेबांनी हवं ते विचारावं, तिने उत्तर द्यावं. शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवून चित्रं रंगवायला देत. सकाळी तिची वेणी घालताना तिची आई चष्मेवालीला म्हणाली होती, "मावशी, तुमच्या भरवशावर पाठवतेय. पुन्हा तोंडावर पाडू नका हिला."

बाहेर दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात शिपाई आतून दोन खुर्च्या घेऊन आला.

"बसा की, ताई. उभ्या कशाला?"

मुलगी बसली. तिने खुर्चीचा हात धरून हलवून पाहिला. मग ती चष्मेवालीच्या खुर्चीची पाठ निरखू लागली.

"काय गं?"

"मावशी, आपल्याला परत आत बोलावणार नाहीत."

"काहीतरीच काय!"

"ही माझीच खुर्ची आहे. हिचा डावा हात हलतो. आणि ती तुमची, तिच्या पाठीवर शाईचा डाग आहे. परत बोलवायचं असतं तर आपल्याच खुर्च्या बाहेर कशाला दिल्या असत्या?"

"अगं, काकांनी प्रेमाने आणून दिल्या."

"काका दारात उभे होते. आतून कुणीतरी सांगितलं म्हणूनच आणल्या ना?"

"अतिशहाणी आहेस नुसती," चष्मेवाली हसून म्हणाली. तरीही ती उठली, दाराच्या मुठीवर हात ठेवला. काचेतून बाई बोलताना दिसत होत्या, नेहमीसारख्याच, हात छातीशी धरून. बाईंवर संशय घ्यायचा? तिला स्वतःचीच लाज वाटली. ती परत येऊन बसली.

बऱ्याच वेळाने आत टाळ्या वाजल्या. दार उघडून बाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी चष्मेवालीला मिठीच मारली.

"झालं गं! वर्ग मंजूर! माझ्या देखरेखीखाली चालणार."

"आणि तोंडी परीक्षा?"

"सध्या लेखीच." बाईंनी डोळे पुसले. "साहेब अडूनच बसले. तोंडीचा हट्ट धरला असता तर सगळंच हातचं गेलं असतं. आधी वर्ग तर उभा राहू दे. मग बघू."

"मग हिचं काय?"

"कधीकधी एक पाऊल मागे घ्यावं लागतं. तुला का हे सांगायला हवं?"

"तुम्ही कुठे घेतलंत, बाई? हिला घ्यायला लावलंत."

बाई काही बोलणार, तेवढ्यात मुलगी उभी राहिली.

"बाई, तुम्हीच म्हणता ना, मी नसताना माझ्याबद्दल बोलायचं नाही?"

"नाहीच बोललो, राणी." बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझा विषयसुद्धा काढला नाही आम्ही."

हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. नियम पाळला होता ना!

 साहेबांकडून चष्मेवालीला कसली आशा नव्हती, त्यामुळे त्यांचा रागही नव्हता. पण बाईंनी केसाने गळा कापला होता, आणि त्याच हाताने त्या पोरीला कुरवाळत होत्या. आणि पोरीचा हात धरून तिला बाहेर कुणी आणलं होतं? तिनेच. बाईंना ठाऊक होतं, ही काही विचारणार नाही. म्हणूनच तिला सांगितलं.

तिने डागाची खुर्ची उचलली.

"चल. तुझी तू घे."

आत माणसं कागद गोळा करत उभी होती. दोघींनी खुर्च्या मधोमध मांडल्या आणि बसल्या.

"बैठक संपली, ताई," एक साहेब म्हणाले.

"संपू दे. हिचं बोलणं राहिलंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. एकेक जण निघाला. मोठ्या बाई क्षणभर दारात थांबल्या, म्हणाल्या, "शोभतं का हे तुला?" आणि त्याही गेल्या.

शिपाई दिवे-पंखे बंद करायला आला. त्याने एकेक बटण खाली केलं. या दोघींच्या डोक्यावरचा दिवा आणि पंखा तेवढा चालू ठेवला, आणि तो दाराशी उभा राहिला.

"सुरू करू?" मुलीने विचारलं.

"कर."

तिने खुर्चीचा हलता हात घट्ट धरला, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि घरी घोटून ठेवलेल्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. मला लिहिता येत नाही. पण तुम्ही काहीही विचारा."