कप्तानाच्या गळ्यातली शिटी

हसू नका मित्रांनो, पण पंचवीस वर्षं फौजेत काढलेली मी एक जुनी पितळी शिटी आहे. माझा आवाज आता घोगरा झालाय, एका बाजूला पोचाही आलाय. माझ्या पोटात लाकडाचा मणी आहे. फुंकर आली की तो नाचतो आणि मी वाजते. तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता, मी श्वासावरून.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो चैत्याचा पहिला श्वास. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरून तो शिपाई म्हणून भरती झाला होता. नाईक झाला तेव्हा मी त्याच्या खिशात आले. पुढे तो हवालदार झाला, सुभेदार झाला आणि शेवटी मानद कॅप्टन. त्याच्या खांद्यावरची चिन्हं बदलत गेली, मी मात्र तीच राहिले.

सरहद्दीवरच्या ठाण्यात माझ्या एका लांब सुराचा अर्थ ठरलेला होता: तोफगोळा आला, खंदकात शिरा. त्या सुराने एकदा अठरा जवान वाचले. साहेबांनी चैत्याची पाठ थोपटली, तेव्हा मीही मनातून फुगले. सुट्टीवर आला की शेतावरून परतताना तो तीन तुटक सूर काढी. ते ऐकून त्याची बायको गंगी नागलीची भाकर तव्यावर टाकी. हे सूर फौजेच्या कुठल्याच नियमात नव्हते.

२०१४ साली कप्तान निवृत्त होऊन पाड्यावर आला आणि मला दारामागच्या खुंटीला अडकवून विसरला. माझं पितळ हिरवं पडलं. कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचं घर बांधलं. चार वर्षं मी मुकी होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग २०१८ च्या नोव्हेंबरात भूकंपाने जमीन गुरगुरू लागली. आधी खोलवर सुरुंग उडाल्यासारखा आवाज व्हायचा, मग भांडी खडखडायची. कधी दिवसातून दोनदा, कधी चारदा. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागले. कप्तानाने मला खाली काढलं, काडीने माती कोरली, चिंचेने घासलं आणि गळ्यात घातलं.

"मी हाय ना! शिटी वाजली की मी सांगेन तसा करायचा," त्याने सगळ्यांना सांगितलं.

लोकांना धीर आला. मला नाही आला. कारण त्याच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. गोळा कुठून येतो ते तरी कळतं, इथे वैरी पायाखालीच होता. शेजारची म्हातारी शुक्री विचारी, "कप्तान, तुला भ्याव नाय वाटत?" तो हसून म्हणे, "फौजी हाय मी, आजी." आणि त्याची मूठ माझ्याभोवती घट्ट होई.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गंगी अंगणात भात पाखडत होती. छोटी नात दक्षा तिला टेकून बसली होती, शेजारी शुक्री होती. कप्तानाला तिथेच बाजेवर डुलकी लागली होती. इतक्यात धडाम झालं. डोळे उघडायच्या आत त्याने मला तोंडात धरलं आणि एक लांब सूर काढला.

"आत! सगळी आत शिरा!"

मित्रांनो, मी थिजले. झोपेतल्या झोपेत तो सरहद्दीवर होता, पाड्यावर नव्हताच! उघड्यावर सुखरूप बसलेल्या बाया कप्तानाचा हुकूम म्हणून कौलांखाली धावल्या. गंगीने दक्षाला उचललं, शुक्रीला हाताला धरून ओढलं. मग जमीन हलली. पहिलं कौल समोर फुटलं, तेव्हा कुठे कप्तान जागा झाला.

"गंगे, बाहेर ये!" पण कौलांच्या खळखळाटात हाक बुडाली. त्याने मला ओठांत धरलं, तर श्वासच येईना. त्याचे दात माझ्या पितळेवर कडकडत होते. पुन्हा लांब सूर निघाला असता, तर त्या आणखी आत गेल्या असत्या. मला इतकं भय कधीच वाटलं नव्हतं. मग कसाबसा श्वास आला, तोही तुटत तुटत. टुर्र, टुर्र, टुर्र. शेतावरून परतल्याचे तेच तीन सूर, गंगीच्या ओळखीचे.

गंगी दारात दिसली. काखेत दक्षा, मागे शुक्री. त्या चार पावलं पुढे आल्या आणि मागची भिंत बसली.

पाडा गोळा झाला. कप्तान मातीत मटकन बसला होता. "चूक माझी," तो म्हणाला. "मला भ्याव वाटते. पयल्या दिसापासून वाटते."

गुडघ्याचं रक्त पुसत शुक्री म्हणाली, "मंग आदी नाय सांगाचा? आमाला वाटला, आमीच भितो."

त्याने मला काढून गंगीच्या गळ्यात घातलं. ती बावरली. "मला कुठं येते फौजेचा?"

"तीन तुटक. तेवढा पुरे."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू अधूनमधून खुंटीवरून काढून पुसत जा. त्यांच्या तोंडात माती साचू देऊ नका. आणि घरातल्या धीट माणसाचीही तशीच विचारपूस करा. तो हसला म्हणून सोडून देऊ नका.

जमीन अजून गुरगुरते. गंगी मला ओठांशी नेते, तेव्हा तिचाही श्वास थरथरतो. पण ती आधी मोठ्याने म्हणते, "मला भ्याव वाटते, चला बाहेर," आणि मग मला फुंकते.