कॉलरचा कागद

हिल्ला गावात त्या वर्षी खाकी कागद मिळेनासा झाला. लढाईचं सहावं वर्ष होतं. आधी कोंबडी गेली, मग अंडी, मग टोमॅटोचे डबे, आणि शेवटी कपडे बेतायचा कागदही. फख्रिया शिवणकाम करायची. नवरा बसऱ्याच्या आघाडीवर, घरात ती आणि दहा वर्षांची सुहैला. खाकी कागद संपल्यावर ती वर्तमानपत्रांवर कपड्यांचे नमुने बेतू लागली.

पण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज राष्ट्राध्यक्षांचा फोटो असायचा. ते पान कापायचं नाही, पसरून त्यावर जेवायचं नाही, त्यात काही गुंडाळायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही. फख्रिया ती पानं नीट घडी घालून कपाटावर रचून ठेवायची. वीतभर उंच थप्पी झाली होती. आतली पानं तेवढी कातरीखाली जायची.

एका मंगळवारी सरकारी दुकानात अंडी आल्याची कुणकुण लागली आणि फख्रिया अबाया अंगावर टाकून धावली. जाताना म्हणाली, "उम्म गस्सानच्या झग्याची कॉलर तेवढी कागदावर उतरवून कापून ठेव. माप वहीत आहे."

सुहैलाला आभाळ ठेंगणं झालं. आईनं पहिल्यांदाच तिच्या हाती मोठी कातर दिली होती. तिनं आतलं एक पान घेतलं, पाण्याच्या पंपाच्या जाहिरातीवर पेन्सिलीनं गोलाई काढली आणि जीभ दातांत धरून सावकाश कापलं. कॉलर सुरेख निघाली. पान उलटून पाहायचं मात्र तिला सुचलं नाही.

संध्याकाळी उम्म गस्सान ट्रायलला आली. नवरा मोहल्ल्यातला सत्ताधारी पक्षाचा मोठा माणूस, त्यामुळे ती दारात आली की बायका आपोआप हळू बोलायच्या. फख्रियानं कागदी कॉलर तिच्या गळ्याभोवती टाचण्यांनी बसवली.

"बघा बरं, एवढी रुंद चालेल?"

"जरा जास्तच वाटते गं." उम्म गस्साननं टाचण्या काढल्या, कॉलर हातात घेतली आणि सहज उलटी केली.

मागच्या बाजूला फोटो होता. कसलासा वर्धापनदिन होता म्हणून त्या दिवशी आतल्या पानावरही छापला होता. मिशी होती, एक डोळा होता. दुसरा डोळा कातरीनं नेला होता.

फख्रियाच्या ओठांतल्या दोन टाचण्या खाली पडल्या. उम्म गस्साननं कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि तो पर्समध्ये टाकला.

"हा राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली, आणि झगा तसाच टाकून निघून गेली.

फख्रियानं मुलीला मारलं नाही, रागावलीही नाही. सुहैलाला त्याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून रोज शाळेआधी आई तिला समोर बसवून, कुणी चौकशीला आलं तर काय सांगायचं ते घोकून घ्यायची.

"कातर कुणाच्या हातात होती?"

"आईच्या."

"आणि तू कुठं होतीस?"

"अंड्यांच्या रांगेत."

"किती अंडी मिळाली?"

"बारा. पण युम्मा, कापलं तर मी ना..."

"पुन्हा! कातर कुणाच्या हातात होती?"

आठ दिवस गेले. गल्लीत मोटार थांबली की मशीन थांबायचं. आईचं जेवण सुटलं, डोळ्यांखाली काळं आलं. शेवटी सुहैलानं मनाशी ठरवलं. जे केलं ते आपण केलं, तर सांगायलाही आपणच जायचं. शाळा सुटल्यावर ती घरी न जाता थेट उम्म गस्सानच्या दारात उभी राहिली.

उम्म गस्सान तांदूळ निवडत होती. मुलीला पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय गं?"

"खाला, तो कागद आईनं नाही, मी—"

पुढचं तोंडातच राहिलं. बाईचा हात तिच्या तोंडावर बसला होता. तिला ओढतच स्वयंपाकघरात नेऊन उम्म गस्साननं नळ सोडला. पाणी धो धो वाहू लागलं.

आतून तिच्या नवऱ्याचा जड आवाज आला, "कोण आहे गं?"

"कोणी नाही! शेजारची पोर आहे, मीठ मागायला आलीय. तुम्ही पडा!"

मग ती सुहैलाच्या कानाशी वाकली. "अक्कल गहाण टाकलीस का गं? दार त्यांनी उघडलं असतं तर? आपल्या तोंडानं आपला गळा कापून घ्यायला आलीस?"

"मला वाटलं, खरं सांगितलं तर..."

"खरं!" ती हसली, पण ते हसू लगेच मावळलं. "कुठला कागद? मी कागदबिगद काही पाहिला नाही. जो नव्हताच तो त्याच दिवशी चुलीत गेला."

"मग तुम्ही नेला कशाला?"

"तुमच्याकडे ठेवला असता तर तुझ्या आईनं तो लपवला असता. घाबरलेली माणसं नेमकी नको तिथं लपवतात. माझी पर्स कोण तपासणार?" तिनं एका वाटीत मीठ घातलं आणि वाटी मुलीच्या हातात कोंबली. "हे कुणाला सांगायचं नाही. आईलाही नाही."

"आईला का नाही?"

"सुटल्याचा आनंद तोंडावर दिसतो, पोरी. आणि एकीला सांगितलं की दुसरीला सांगावंसं वाटतं. भीती दिसली तर चालते. इथं कोण घाबरलेलं नाही?"

हे म्हणताना तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सुहैलाला पहिल्यांदाच कळलं, की ही बाई त्याच दाराआड रोज राहते.

तीन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. हे कसलं गुपित पोटात घेऊन आपण हिंडतोय, ते तिला उमगत नव्हतं. आई रडली की वाटे, एका वाक्यात हे थांबेल. पण उम्म गस्साननं जीव धोक्यात घातला होता, कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. एकीशी इमान राखावं तर दुसरीचा जीव जातो, असं झालं होतं.

चौथ्या दिवशी शाळेतून आली तर आई मशीनवर नव्हती. जमिनीवर बसून सुहैलाच्या फ्रॉकांच्या आतल्या बाजूला सुईनं तिचं नाव घालत होती. शेजारी गाठोडं बांधून तयार होतं.

"हे काय?"

"दिवानिया गावच्या मावशीकडे जायचंय तुला. मला कुठं जावं लागलं तर. तिच्याकडे सहा पोरं आहेत, कपडे एकमेकांत मिसळतील."

सुहैला आत गेली. न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडला, आईचा हात धरून तिला तिथं नेलं आणि कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. अगदी मिठाच्या वाटीपर्यंत.

आईनं खाडकन तिच्या कानशिलात दिली. "तिच्या घरी गेलीस? एकटी?" मग तीच ओल्या फरशीवर बसली आणि मुलीला इतकं आवळून धरलं, की तिला श्वास घेता येईना.

"हे मला कुणी सांगितलं?" आईनं हळूच विचारलं.

"कुणी नाही," सुहैला म्हणाली.

त्या दुपारी फख्रिया आडवी झाली ती संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत हलली नाही. अकरा दिवसांची झोप होती. सुहैलानं डाळ शिजत ठेवली, रोटी फडक्यात गुंडाळली. मध्येच एक गिऱ्हाईक दार वाजवत आलं, तर तिनं दार अर्धंच उघडलं.

"आईला ताप आहे, खाला. उद्या या."

ती बाई बिचारी मान हलवून गेली. सुहैला दार लावून तिथंच थोडा वेळ उभी राहिली. खोटं बोलताना तिचा आवाज जराही कापला नव्हता. आई उठली की तिला हे सांगावं असं तिला वाटलं, पण त्याचा अभिमान बाळगावा की त्याचं वाईट वाटून घ्यावं, ते काही तिला ठरवता आलं नाही. डाळ उतू जायला लागली, तशी ती आत पळाली.