आठातले सात

"नक्की सात ना, काका?" हवामान कचेरीतल्या मॅडमनी फोनवर दुसऱ्यांदा विचारलं.

"सातच. आठातले सात भाग झाकलेत," निरीक्षक म्हणाले. "खालचे ढग. रात्री समुद्रावरून आलेले. नेहमीचेच."

"पहाटेच्या उपग्रहाच्या चित्रात ढगांची कड अगदी तुमच्या किनाऱ्याला टेकलीय. आत की बाहेर, तेच कळत नाहीये, आणि नवं चित्र यायला आज वेळ लागतोय. शिवाय तुमचं तापमान साडेएकोणतीस. ढगाखाली जरा जास्तच नाही का?"

"दमट आहे हो, मॅडम. एकतीस वर्षं हेच आकाश बघतोय मी."

मॅडमचा आवाज लगेच मवाळ झाला. "तसं नाही काका, तुमच्यावर शंका नाही. मग किनाऱ्याला दुपारपर्यंत ढगाळ, आणि उष्णतेचा इशारा फक्त आतल्या भागाला, असं देऊन टाकते."

फोन ठेवून निरीक्षक पुन्हा अंगणात आले आणि त्यांनी मान वर केली. वर पांढरं होतं. गेले दोन महिने वर पांढरंच असायचं.

त्यांचं काम ऐकायला अगदी सोपं होतं. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती भाग ढगांनी झाकलेत ते बघायचं आणि कळवायचं. सोबत तापमान, वारा, हवेतला दमटपणा. सारी आळी त्यांना 'हवामानकाका' म्हणायची. छत्री घ्यायची की नाही, कपडे वाळतील की नाही, हे लोक त्यांना विचारून ठरवत आणि अंदाज चुकला की वर्षभर चेष्टा करत. ती चेष्टा त्यांना आवडायची.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. साधी शस्त्रक्रिया, वीस मिनिटांची, असं डॉक्टर म्हणाले होते. डोळ्यात पू झाला आणि डोळा कायमचा गेला. आता उजव्यातही मोतीबिंदू पिकला होता, आणि डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, साधी शस्त्रक्रिया, वीस मिनिटांची. निरीक्षक तिथून जे उठले ते परत गेलेच नाहीत. डावा गेला तेव्हा उजवा होता. उजवा गेला तर कोण होतं? निवृत्तीला नऊ महिने उरले होते, राहायची जागा कचेरीची होती, आणि डोळ्यानं अधू माणसाला आकाश बघायला कोण ठेवणार?

तापमापकाला भिंग लावता येत होतं, नाक टेकवता येत होतं. आकाश मात्र काही केल्या जवळ घेता येईना. मग ते काम बायकोकडे गेलं. ती कपडे वाळत घालता घालता वर बघायची आणि अंथरुणाच्या भाषेत सांगायची. "आज जाड गोधडी आहे, फक्त पाय उघडे." की हे आत जाऊन सात लिहायचे. "आज नुसती चादर, तीही कमरेपर्यंत." की चार. नवराबायकोचं हे गुपित दोन महिने बिनबोभाट चाललं होतं. परवा तिची बहीण आजारी पडली आणि ती तिकडे गेली. काल त्यांनी अंदाजानं सात लिहिले, ते बरोबर निघाले. उन्हाळ्याच्या तोंडाला सकाळी ढग असतातच. आजही त्यांनी तेच केलं. सूर्य मागच्या डोंगराआडून उशिरा वर यायचा, त्यामुळे आठ वाजता अंगणात नुसता पांढरा उजेड होता.

फोन पुन्हा वाजला. धाकटा भाऊ.

"दादा, आज काय?"

धाकटा रंगाऱ्यांचा मुकादम होता. बंदरावर तेलाची रिकामी केलेली एक भलीमोठी लोखंडी टाकी आतून रंगवायचं काम त्यानं घेतलं होतं. आत उतरायचं म्हणजे जाड कपडे, तोंडावर मुखवटा, आणि वर एकच गोल भोक. इशारा असेल तर माणसं दहालाच बाहेर काढायची, ढगाळ असेल तर एकपर्यंत काम, असा तिथला नियम होता. उन्हाळा नवा होता, अंगं अजून सरावली नव्हती.

"ढग आहेत," निरीक्षक म्हणाले. "उरकून घे काम."

"तू म्हणालास म्हणजे झालं," धाकटा म्हणाला. "पाच जण आहोत, आज तळ संपवतो."

साडेनऊला निरीक्षक पायरीवर बसून वही भरत होते. मानेला काहीतरी चटचट लागायला लागलं. त्यांनी मान चोळली, मग खाली वाकून बघितलं. सिमेंटवर त्यांची सावली पडली होती, काळीभोर, त्यांच्या अधू डोळ्यालाही कड कळावी इतकी रेखीव. ढगाखाली अशी सावली पडत नाही.

शेजारीण कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत होती. त्यांनी उसनं हसू आणून विचारलं, "वहिनी, आभाळ कसं वाटतंय आज?"

"कसं म्हणजे? लख्ख. उजाडल्यापासून एक ढग नाही बघा." ती हसली. "आणि भावजी, तुम्ही मला विचारता? तुमचंच खातं ना ते?"

उजाडल्यापासून. त्यांनी धाकट्याला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मग आठवलं, ठिणगी पडेल म्हणून टाकीत फोन नेऊ देत नाहीत, सगळे फाटकावरच्या पेटीत ठेवावे लागतात. फाटकाचा नंबर शोधायला त्यांना भिंगाखाली दहा मिनिटं लागली.

"मुकादमाला बाहेर बोलवा," ते म्हणाले. "ऊन आहे."

"ऊन मलाही दिसतंय, काका," फाटकावरचा माणूस म्हणाला. "पण इशारा नाही. आत्ताच रेडिओवर ढगाळ सांगितलंय. कचेरीतून कळवा, लगेच भोंगा देतो. माझ्या मनानं काम थांबवलं तर माझी नोकरी जाईल."

म्हणजे मॅडमना फोन करायला हवा होता. निरीक्षकांनी तो केला नाही.

ते पायरीवर बसून राहिले, फोन मांडीवर घेऊन. मॅडम विचारतील, ढग गेले कधी? नवं चित्र आलं असेल, त्यात सगळं दिसत असेल. मग विचारतील, आठला तुम्हाला कुठले ढग दिसले? या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की नोकरी, घर, आळीतली चेष्टा, सगळं एका दिवसात संपणार होतं. ते घाबरले होते. इतके, की आपण कुणासाठी घाबरलोय हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं. धाकटा दांडगा आहे, त्यांनी मनाला समजावलं. ऊन लागलं तर आपणहून वर येईल. मग त्यांना आठवलं, धाकटा म्हणाला होता, ऊन चढलं की टाकीच्या भिंतीला हातमोज्यातूनही हात लावता येत नाही. आणि काम अर्धवट टाकणाऱ्यातला तो नव्हता, त्यातून मोठ्या भावानं उरकून घे म्हणून सांगितल्यावर.

सव्वादहाला त्यांनी फोन लावला.

"मॅडम, ढग गेले."

"हो का? बरं झालं कळवलंत. अकराच्या बातम्यांत बदल देते."

इथेही सुटता आलं असतं. त्यांनी फोन कानाला तसाच धरला.

"गेले नाहीत, मॅडम. नव्हतेच. माझी आठची नोंद खोटी आहे. बंदरावर आत्ता कळवा, टाकीत माणसं आहेत."

"नव्हतेच म्हणजे? काका, तुम्ही तर म्हणालात..."

"आधी बंदर. माझं नंतर बघा."

रिक्षा बंदरात शिरली तेव्हा भोंगा वाजून गेला होता. टाकीच्या सावलीत चौघे रंगारी बसलेले त्यांना धूसर दिसले. त्यांनी प्रत्येकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. धाकटा त्यांत नव्हता. "मुकादमानं आम्हाला आधी वर चढवलं," एक जण मान खाली घालून म्हणाला. "स्वतः शिडीशीच कोसळला. दोरी लावून काढला. दवाखान्यात नेलाय."

दवाखान्यात धाकट्याच्या काखेत, मानेशी बर्फाच्या पिशव्या होत्या आणि हाताला नळी. परिचारिकेनं त्यांना दारातच थांबवलं.

"शुद्धीवर आलेत. मूत्रपिंडांचं काय होतं ते दोन दिवस बघावं लागेल. अर्धा तास आधी काढलं असतं ना, तर इथवर आलंच नसतं."

तो अर्धा तास कुठे गेला हे निरीक्षकांना ठाऊक होतं. तो त्यांच्या मांडीवर होता. ते चाचपडत खाटेशी गेले.

"दादा," धाकट्याचा आवाज पार खोल गेला होता. "ढग कधी गेले रे? आत कळलंच नाही."

नऊला गेले, एवढं म्हटलं की झालं असतं. त्यानं ते निमूट मानलं असतं, आजवर सगळं मानलं तसं. निरीक्षकांनी खाटेची कड घट्ट धरली.

"गेले नाहीत. सकाळपासून नव्हतेच. मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"आभाळ. दोन महिने झाले. आत्ता तुझं तोंडही दिसत नाहीये." मग उरलेलंही त्यांनी सांगून टाकलं. "आणि कळल्यावरही मी लगेच फोन केला नाही. भ्यायलो."

बर्फाचं पाणी टपटपत होतं तेवढाच आवाज. धाकटा तोंड फिरवून पडला की झोपला, हेही निरीक्षकांना कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती.

"माझ्यासोबत चार जण होते, दादा," तो म्हणाला. "त्यांच्या घरी मी काय सांगणार होतो?"

निरीक्षक खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. मग नळी खाटेच्या दांड्यावर घासल्याचा आवाज झाला. धाकटा कुशीवर वळला होता, खिडकीकडे.

"किती वाजले?"

"दोन होत आले असतील."

"तुझी दोनची नोंद असते ना? लिही. एकही ढग नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं."

निरीक्षकांनी पिशवीतून वही काढून मांडीवर उघडली. बोटानं चाचपत दोनच्या ओळीवर आले, तिथे शून्य घातलं, आणि आकाश कुणी पाहिलं त्या रकान्यात, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, सावकाश, रेघेबाहेर जाऊ न देता, धाकट्या भावाचं नाव लिहिलं.