पप्पांना कापड पाहिजे होतं

आमचा सोफा दरवाजातून बाहेर जात नाही. आत पण दरवाजातून आलेला नव्हता.

डोंबिवलीला कोपरमध्ये ही रूम घेतली तेव्हा गॅलरीला ग्रिल नव्हतं. टेम्पोतून सोफा उतरवला, दोरखंड बांधला आणि पप्पांनी वर गॅलरीत उभं राहून तिसऱ्या माळ्यावर ओढून घेतला. अख्खी बिल्डिंग बघत होती. नंतर ग्रिल लागलं, सेफ्टी डोअर लागलं. सोफा आत तो आतच.

म्हणून सोफ्याचं काम घरीच करायला घेतलं. हौस नव्हती. उल्हासनगरचा सोफेवाला फोनवर बोलला, "कारखान्यात आणून टाक, घरी येऊन नाय जमणार." मी बोललो, "मग काय ग्रिल कापू?" त्याने फोनच कट केला.

आणि करणं तर भाग होतं. पप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आलेला, डावी बाजू गेली. उजवा हात चालतो. बोलतात, जरा जड. सोफा एवढा बसलेला की पप्पा त्याच्यात टेकले की गुडघे छातीला लागायचे. मग उठता येत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर एकाच हाताने जोर दिला की ती पलटी होते, ते पण करून झालं. फिजिओवाल्या मॅडम सांगून गेल्या, "सीट उंच करा, कडक करा, बाजूला धरायला सोफ्याचा हात आहेच. काका स्वतः उठतील."

पप्पा तेव्हा टीव्ही बघत होते. त्यांनी मान वळवून मॅडमकडे बघितलं. एवढ्या दिवसांत कुणाकडे असं बघितलं नव्हतं.

कारण मेन प्रॉब्लेम बाथरूमचा होता. प्रत्येक वेळी मी नाहीतर मम्मी काखेत हात घालून उचलणार. कधी उशीर व्हायचा. मग लुंगी बदला, सोफ्यावरची चादर बदला. पप्पांनी चहा सोडला. पाणी पण गोळीपुरतं.

मम्मी मागे लागायची, "अहो, घोटभर तरी घ्या."

"तहान नाही."

मे महिन्यात, डोंबिवलीत, माणसाला तहान नाही.

मला यातलं काही येत नाही. दोन-चार व्हिडिओ बघितले, तेवढंच. विकी माझा शाळेपासूनचा मित्र, तो बॅनरच्या दुकानात कामाला आहे. लाकडी फ्रेमवर बॅनर ठोकायची पिनांची गन असते ना, ती तो घेऊन आला. आम्ही सोफा उलटा केला आणि पक्कडने पिना उपटत बसलो. आतला फोम हात लावला की पिवळा भुगा. खालचे पट्टे चड्डीच्या जुन्या इलॅस्टिकसारखे. नवीन पट्टे ताणून मारले. त्यावर टाकायला विकीने दुकानातला उरलेला बॅनर आणलेला. वाढदिवसाचा. कुणीतरी दादा हात जोडून हसतोय, गळ्यात एवढी मोठी चेन.

पप्पा आतल्या खोलीत पलंगावर होते, दार उघडं होतं.

"काका," विकी ओरडला, "आता रोज भावी नगरसेवकावर बसायचं!"

"दाबून बसीन," पप्पा आतून बोलले. मम्मी हसली. मी पण. बरं वाटलेलं तेव्हा.

मग वरचं कव्हर घ्यायला निघालो. पप्पांनी हाक मारली. "दिपेश. कापड बघ. पहिलं होतं ना, मेंदी कलरचं. तसं."

"हो पप्पा."

चपला घालत होतो तर मम्मी किचनच्या दारात आली. हळूच बोलली, "रेक्झिन घे. पुसता येतं."

मला कळलेलं. दुकानात मेंदी कलरचं कापड होतं. हातात पण घेतलं. आणि ब्राऊन रेक्झिन घेऊन आलो.

रेक्झिन कोपऱ्यावर वळता वळत नव्हतं, नुसत्या सुरकुत्या. विकी बोलला, "दिप्या, हा सोफा आहे का समोसा?" तरी झालं. आत नवीन कडक फोम, उंची मॅडमने सांगितलेली तेवढीच. मी बसून उठून बघितलं. विकी बसून उठला. मम्मीला उठवून बघितलं. एक नंबर.

मग पप्पांना धरून आणलं. ते लगेच बसले नाहीत. उजव्या हाताने सीटवरून हात फिरवला.

"रेक्झिन."

"हो पप्पा. टिकतं जास्त."

"मी कापड बोललेलो."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात विकी मदतीला आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. "काका, रेक्झिनच भारी. काय पण सांडू दे, फडका मारला की साफ!"

"काय सांडू दे?"

विकी माझ्याकडे बघायला लागला. मम्मी किचनमध्ये गेली आणि नळ सोडला.

पप्पा बसले. मी समोर उभा. उजव्या हाताने सोफ्याचा हात धरला, जोर लावला, कंबर उचलली. अर्धे वर आले. आणि खालून सरकले. लुंगी आणि नवंकोरं रेक्झिन. मी पुढे झालो.

"हात लावू नको."

मागे रेटून परत बसले. परत जोर. मानेची शीर फुगलेली. परत सरकले, यावेळी जास्त, पार सीटच्या टोकाला. मम्मी चादर घेऊन धावत आली. "अहो थांबा, चादर टाकते, नाही सरकणार."

"चादरच टाकायची तर रेक्झिन कशाला?"

मम्मी चादर तशीच छातीशी धरून उभी राहिली.

पप्पांनी तिसऱ्यांदा जोर लावला. पडले नाहीत. पडले असते तर मी पकडलं असतं. ते सावकाश घसरत खाली गेले आणि फरशीवर बसले, पाठ सोफ्याला. विकी उचलायला वाकला, मी त्याचा हात धरला. का धरला माहीत नाही.



"पप्पा, काढून टाकतो मी सगळं. उद्याच. कापड होतं तिकडे, मेंदी कलरचंच. मी बघितलेलं."

हे बोलायला नको होतं. बघितलेलं आणि तरी नाही आणलं.

पप्पा फरशीकडे बघत होते. मला वाटलं आता शिव्या घालतील. मला पाहिजे होत्या शिव्या.

"राहू दे," ते बोलले. "बरोबर घेतलंस."

"नाही ना पप्पा. एकदा कापडावर ट्राय करून तर बघू. मॅडम बोललेल्या ना, तुम्ही उठू शकता. मी आत्ता जातो, दुकान उघडं असेल."

त्यांनी उजवा हात वर केला. मला वाटलं, बस कर म्हणतायत. हात तसाच वर राहिला.

उचल, म्हणत होते.